वाद्यांची निगा – वाचकांचे प्रश्न : रुतलेला रोटरी व्हॉल्व्ह

या वेळच्या टपालात पितळी सुषिर वाद्यांविषयी आलेली बहुतेक पत्रे एकाच तक्रारीभोवती फिरणारी आहेत : रोटरी व्हॉल्व्ह अडखळतो, सावकाश परततो किंवा मुळीच फिरत नाही. उत्तरांत काही नावे वारंवार येणार असल्याने व्हॉल्व्हची रचना आधीच सांगून ठेवतो. केसिंग म्हणजे बाहेरचे गोल आवरण. त्याच्या आत रोटर नावाचा, हवेच्या वाटा कोरलेला, पितळेचा किंवा तत्सम मिश्रधातूचा गोल ठोकळा असतो आणि लिव्हर दाबली की तो पाव फेरा, म्हणजे 90 अंश, फिरून हवा जादा नळीकडे वळवतो. रोटरच्या दोन्ही टोकांना बारीक आस असतात. एका बाजूचा आस केसिंगमधून बाहेर येतो आणि त्यावर स्टॉप आर्म नावाचा छोटा दांडा स्क्रूने बसवलेला असतो. दुसऱ्या बाजूचा आस बेअरिंग प्लेट नावाच्या चकतीत फिरतो आणि तिच्यावर आट्यांची टोपी लावलेली असते. स्टॉप आर्म कॉर्कच्या किंवा रबराच्या दोन तुकड्यांमध्ये फिरतो आणि त्यांना टेकून थांबतो. लिव्हरची ओढ त्याच्यापर्यंत दोरीने किंवा गोळीच्या सांध्याने पोहोचते.

प्रश्न : बरीच वर्षे पेटीत पडून राहिलेला फ्रेंच हॉर्न मी पुन्हा बाहेर काढला आहे. पहिली लिव्हर नीट चालते; दुसरी आणि तिसरी मात्र दाबलीच जात नाही. जोर लावून पाहिला तेव्हा लिव्हर किंचित वाकल्यासारखी वाटली. रोटर सुटण्यासाठी काय करावे?

उत्तर : सर्वांत आधी लिव्हर दाबणे थांबवा. लिव्हर हा लांब दांडा असल्याने बोटाचा थोडासा जोरही पुढे दोरीवर आणि स्टॉप आर्मवर बराच वाढून पोहोचतो. रोटर हलत नसेल तर तो जोर कुठेतरी जाणारच. मग लिव्हर वाकते, दोरी तुटते किंवा लिव्हरचा आधार कथील-शिशाच्या डागाने केलेल्या जोडातून निसटतो. साधी चिकटलेली लिव्हर सोडवण्याच्या नादात अशी नवी दुखणी ओढवून घेतलेली वाद्ये दुरुस्तीच्या टेबलावर नेहमी येतात.

दुसरी गोष्ट निदानाची. दोरीचा स्क्रू सैल करून दोरी स्टॉप आर्मवरून सोडवा आणि मग दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासा. लिव्हर एकटी वरखाली होते का, आणि स्टॉप आर्म बोटांनी हलवला तर हलतो का? लिव्हर मोकळी आणि स्टॉप आर्म घट्ट असेल तर रोटरच रुतला आहे. उलट असेल तर व्हॉल्व्हला हात लावण्याचे कारणच नाही. ही तपासणी दोन मिनिटांची आहे, तरीही बहुतेक जण ती वगळून थेट तेलाच्या बाटलीकडे वळतात.

तुमच्या वर्णनावरून रोटरच रुतला असावा असे धरून पुढचे सांगतो. रोटर आणि केसिंग यांच्यातली मोकळीक मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतकीच असते. वाजवताना श्वासातली वाफ थंड धातूवर जमते आणि त्या पाण्याबरोबर लाळेतले क्षारही आत जातात. वाद्य न वाजवता ठेवले की पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात, जुन्या तेलातला पातळ अंश उडून उरलेला भाग राळेसारखा चिकट होतो आणि पितळेवर हिरवट जंगाल धरते. या तिन्हींचा मिळून जो पापुद्रा तयार होतो त्यानेच रोटर धरून ठेवलेला असतो. धातूला धातू अडकणे हा प्रकार त्या मानाने क्वचितच आढळतो. पापुद्रा जोराने तुटत नाही, तो भिजवून मऊ करावा लागतो, आणि त्याला वेळ द्यावा लागतो.

त्यासाठी टोपी काढा आणि बेअरिंग प्लेटच्या मध्यभागी जिथे आसाचे टोक दिसते तिथे पातळ व्हॉल्व्ह तेलाचे एकदोन थेंब सोडा. मग वाद्य उलटे करून स्टॉप आर्मच्या खाली, जिथे आस केसिंगमधून बाहेर येतो, तिथे तेवढेच थेंब सोडा. तिसरी जागा रोटरच्या मुख्य पृष्ठभागाची. त्या व्हॉल्व्हची स्लाइड, म्हणजे आतबाहेर सरकणारी वाकवलेली नळी, काढून तेल आत उतरवा (स्लाइडचे ग्रीस आत न नेता ते कसे करावे, हे पुढच्या एका उत्तरात आहे). डबल हॉर्नचे, म्हणजे एकातच दोन हॉर्नच्या नळ्या असलेल्या वाद्याचे, मुख्य रोटर दुमजली असतात, म्हणून वरच्या आणि खालच्या, दोन्ही स्लाइडींतून तेल घातले पाहिजे; एकाच बाजूने घातलेले तेल दुसऱ्या मजल्यापर्यंत पोहोचेलच असे नाही. नंतर वाद्य रात्रभर तसेच ठेवा आणि मध्ये एकदा त्याची कूस बदला, म्हणजे तेल सर्व बाजूंनी झिरपेल.

दुसऱ्या दिवशी स्टॉप आर्म अंगठा आणि तर्जनी यांत धरून केसभर पुढे, केसभर मागे करून पाहा. पक्कड कधीही लावू नका. पकडीने स्टॉप आर्म वाकतो किंवा त्याच्या टोकाचा आसावरचा चौकोनी बसाव गोलावतो, आणि तो एकदा गोलावला की स्टॉप आर्म आसावर हलत राहतो. रोटर हालचालीचा किंचित अंश जरी दाखवू लागला तरी तो पूर्ण फिरवण्याचा हट्ट धरू नका. पुन्हा तेल घाला, पुन्हा मागेपुढे करा आणि कंस हळूहळू वाढू द्या.

एवढ्याने भागले नाही तर उष्णतेची मदत घेता येते. केसिंगवर कोमट पाण्याची धार सोडा किंवा केस वाळवण्याच्या यंत्राची गरम हवा द्या. धातू हाताला सहन होईल इतपतच तापला पाहिजे. पितळ एका अंशाला सुमारे एक लक्षांश भागाच्या दुपटीने प्रसरण पावते. म्हणजे 20 मिलिमीटर व्यासाचे केसिंग आतल्या रोटरपेक्षा 25 अंशांनी अधिक तापले तर फट जेमतेम मिलिमीटरच्या शतांश भागाने वाढते. मूळ मोकळीकच काही शतांशांची असल्याने एवढी वाढही उपयोगी पडते, पण ती टिकत नाही, कारण रोटरही थोड्याच वेळात तापतो. उष्णतेचा खरा उपयोग चिकटलेले तेल मऊ होण्यात आहे. ज्योत मात्र दाखवू नका. वाद्याचे सांधे ज्या कथील-शिशाच्या डागाने जोडतात त्याचा एक नेहमीचा प्रकार 183 अंश सेल्सिअसलाच वितळतो, आणि ज्योतीने लॅकर, म्हणजे पितळेवरचा पारदर्शक लेपही, करपतो.

रोटर सुटला म्हणजे काम संपले असे नाही. विरघळलेला पापुद्रा अजून आतच असतो. पातळ तेल सढळ हाताने घालून रोटर बराच वेळ फिरवत राहा, स्लाइडच्या नळ्यांतून काळपट-हिरवा द्रव उतरेल तो फडक्याने टिपून घ्या आणि येणारे तेल स्वच्छ दिसेपर्यंत हेच चालू ठेवा. त्यानंतर रोटर बाहेर काढून साफ करून घेणे उत्तम, कारण राहिलेला मळ पुढच्या सुट्टीत पुन्हा घट्ट बसेल.

प्रश्न : माझ्या ट्रॉम्बोनच्या अंगठ्याच्या व्हॉल्व्हला रोज तेल घालतो, तरी तो दाबल्यावर अर्ध्यावरच परततो. दोरी काढली की रोटर बोटाने अगदी मोकळा फिरतो. दोष कशाचा?

उत्तर : दोरी काढल्यावर रोटर मोकळा फिरतो, या तुमच्या एका वाक्यातच उत्तर आहे. दोष रोटरच्या बाहेर आहे आणि रोजच्या तेलाचा त्यावर काहीही परिणाम होणार नाही. लिव्हरच्या आसावर जाड तेलाचा एक थेंब द्या. तिथे धूळ आणि घाम साचून आस कोरडा पडतो. मग स्प्रिंगचा ताण पाहा. स्प्रिंगचे टोक आपल्या खाचेतून निसटले असेल तर लिव्हर खाली जाते, पण परत येण्याइतकी ओढ उरत नाही. दोरी फार ताणून बांधली असली तरी ती स्टॉप आर्मवर एका बाजूला ओढत राहते आणि आसाचे घर्षण वाढवते. गोळीचा सांधा असेल तर तो कोरडा पडला आहे का आणि त्याची दोन टोके एका रेषेत आहेत का, तेही पाहा. एका बाजूला कललेला सांधा प्रत्येक फेरीत थोडा अडतो. दोरी बदलायची झाल्यास न ताणणारी, विणलेली कृत्रिम धाग्याची दोरी वापरा. साधी सुती दोरी ओल धरते, ताणते आणि लिव्हरची उंची दर आठवड्याला बदलत राहते.

प्रश्न : गंज सोडवणारा फवारा, रॉकेल किंवा शिलाई यंत्राचे तेल वापरले तर चालेल का?

उत्तर : अडकलेला आस सोडवण्यापुरता झिरपणारा फवारा उपयोगी पडतो, पण त्याला वंगण समजू नये. त्यातला पातळ अंश उडून गेला की मागे मेणचट थर राहतो आणि तो पुढच्या मळाला धरून ठेवतो. म्हणून असे काही वापरलेच तर रोटर सुटल्यावर सर्व धुऊन काढणे ओघाने आलेच. फवारा थेट वाद्यावर मारू नका. थेंब काडीच्या टोकावर घेऊन आसाच्या तोंडाशी सोडा, म्हणजे तो लॅकरवर आणि कॉर्कवर पसरणार नाही. रॉकेलचा वास नळ्यांत टिकून राहतो आणि वाजवणारा त्याच नळ्यांतून श्वास घेत असतो, एवढे कारण मला पुरेसे वाटते. शिलाई यंत्राचे तेल लिव्हरच्या आसाला चालेल, पण रोटरच्या पृष्ठभागाला ते जाड पडते आणि हालचाल सुस्त होते. खनिज आणि कृत्रिम तेले आलटून पालटून वापरणेही टाळा. काही जोड्या एकत्र आल्यावर चिकट होतात. तेलाचा प्रकार बदलायचाच असेल तर आधी जुने धुऊन काढावे.

प्रश्न : रोटर घरी बाहेर काढता येतो का? त्यासाठी कोणती साधने लागतात?

उत्तर : हात स्थिर असेल आणि घाई नसेल तर येतो, पण पहिल्यांदाच करणार असाल तर एका वेळी एकच व्हॉल्व्ह उघडा. रोटर दिसायला सारखे असले तरी प्रत्येक आपल्याच केसिंगसाठी घासून बसवलेला असतो, आणि दोन रोटरांची अदलाबदल झाली की एक रुततो आणि दुसरा हवा सोडतो. बेअरिंग प्लेटच्या बाबतीतही तेच. साधने थोडी लागतात : स्क्रूच्या खाचेत घट्ट बसणारा पेचकस, कच्च्या चामड्याची, लाकडाची किंवा नायलॉनची छोटी हातोडी, मऊ फडके आणि मांडी. मांडी अशासाठी, की वाद्य टेबलावर ठेवले तर प्लेट सुटताना रोटर घरंगळून जमिनीवर पडतो, आणि रोटरच्या कडेला पडलेला छोटासा ठोकाही पुढे केसिंगमध्ये रुतण्याचे नवे कारण होतो.

दोरी काढा, टोपी काढा आणि प्लेटची खूण केसिंगवरच्या खुणेशी जुळते का ते पाहून ठेवा. खूण नसेल तर सुईच्या टोकाने बारीकशी करून घ्या. आता स्टॉप आर्मचा स्क्रू दोनतीन फेरे सैल करा, पण पूर्ण काढू नका. याचे कारण नीट समजून घ्या. हा स्क्रू रोटरच्या आसात बसलेला असतो, त्यामुळे त्याच्या डोक्यावर ठोकले की आस आणि त्याच्याबरोबर रोटर विरुद्ध बाजूला सरकतो आणि बेअरिंग प्लेटला आतून ढकलतो. स्क्रू फारच सैल केला तर आट्यांचे एकदोनच फेरे उरतात, ठोक्याचा सारा भार त्यांच्यावर येतो आणि आटे तुटतात. स्क्रू पूर्ण काढून आसाच्या उघड्या टोकावर ठोकणे त्याहून वाईट, कारण टोक पसरते आणि मग स्टॉप आर्म निघतही नाही, बसतही नाही.

टोपीची बाजू खाली, मांडीवरच्या फडक्याच्या दिशेने ठेवा आणि एका हाताचा तळवा प्लेटखाली धरा. स्क्रूच्या डोक्यावर हलके, सरळ आणि सारख्या अंतराने ठोके द्या. ठोके मोठे नकोत, नेमके हवेत. थोड्या वेळात ठोक्याचा आवाज बदलतो. टणक ठक्क जाऊन मऊ, पोकळ आवाज आला की प्लेट सुटली असे समजा. मग स्क्रू पूर्ण काढा, स्टॉप आर्म उचला आणि रोटर तळहातावर घ्या. स्टॉप आर्म आसावर घट्ट बसला असेल तर त्याच्याखाली पेचकस घालून उचकटू नका, कारण त्याने खालची बेअरिंगची कड चेपते. हे काम त्यासाठी बनवलेल्या, ओढून काढणाऱ्या साधनाने दुरुस्तकाराकडेच करून घ्यावे.

साफसफाईला साबणाचे कोमट पाणी, मऊ ब्रश आणि सुती फडके पुरते. अनेक जण इथेच चमकवण्याच्या मोहात पडतात. रोटरवरचा काळपटपणा धातूचाच रंग असतो आणि त्याने फिरण्यात अडथळा येत नाही. पॉलिश, सँडपेपर किंवा भांडी घासायची चोथी लावली तर तो निघेल, पण त्याच्याबरोबर मोकळीक वाढेल आणि ती कमी करण्याचा सोपा उपाय नाही. रोटर झिजला आहे का हे पाहण्याची एक साधी रीत अशी : लिव्हर न दाबता त्या व्हॉल्व्हची स्लाइड थोडी बाहेर ओढून धरा आणि काही क्षणांनी लिव्हर दाबा. हवाबंद व्हॉल्व्हमध्ये त्या वेळी ‘पॉप’ असा स्पष्ट आवाज येतो. काहीच आवाज आला नाही तर हवा आतल्या आत निसटते आहे, फक्त आधी स्लाइड स्वतः हवाबंद आहे ना, एवढे पाहून घ्या.

प्रश्न : रोटर काढून, धुऊन, तेल घालून मी परत बसवला. प्लेट लावण्याआधी केसिंगमध्ये तो मोकळा फिरत होता. प्लेट आणि टोपी लावल्यावर मात्र जाम झाला.

उत्तर : प्लेट लावण्याआधी मोकळा आणि नंतर जाम, म्हणजे दोष प्लेटच्या बसण्यातच आहे. ती एका बाजूने अधिक खोल गेली असेल तर आसाला तिरके धरते. सर्वच बाजूंनी प्रमाणाबाहेर खोल ठोकली असेल तर रोटरला पुढे दाबून केसिंगमध्ये आवळते. आधी टोपी काढून पाहा. टोपी काढताच रोटर सुटला तर आटे तिरके बसले होते आणि टोपीच प्लेटवर दाबत होती. टोपी काढूनही सुटला नाही तर स्टॉप आर्मच्या स्क्रूवर एकच अतिशय हलका ठोका द्या. प्लेट केसभर मागे सरकते आणि बहुतेक वेळा रोटर लगेच फिरू लागतो. नाही फिरला तर प्लेट पुन्हा काढून सुरुवातीपासून बसवा.

बसवताना प्लेटवर थेट हातोडी मारू नका. आसाचे टोक मध्यभागातून बाहेर डोकावते आणि पहिला फटका त्यालाच बसतो. प्लेटच्या कडेवर बसेल अशी लाकडाची किंवा प्लॅस्टिकची नळी घेऊन तिच्यावर चारही बाजूंनी आळीपाळीने हलके ठोके द्या, आणि प्रत्येक फेरीनंतर रोटर फिरवून पाहा. फिरणे जड वाटू लागले की तिथेच थांबा. प्लेट पुरती आत गेली नाही तर उलट तक्रार येते : रोटर पुढेमागे हलतो आणि वाजवताना धातूची टकटक ऐकू येते. या दोन टोकांच्या मधली जागा बोटाला कळते, डोळ्याला नाही.

प्रश्न : टोपीच निघत नाही.

उत्तर : टोपीच्या कडेला तेलाचा थेंब सोडून काही तास थांबा. मग चामड्याच्या हातोडीने कडेभोवती सर्व बाजूंनी हलके टिचवा, रबरी हातमोजा घालून फिरवा आणि तोवरही निघाली नाही तर फक्त टोपी कोमट करा. टोपीचा पत्रा पातळ असतो. पक्कड लावली तर ती लंबगोल होते आणि मग आटे कधीच नीट बसत नाहीत.

प्रश्न : मी व्हॉल्व्हची नियमित काळजी घेतो, तरीही तेल घातल्यावर काही दिवसांतच तो अधिक चिकट वाटू लागतो. तेलात भेसळ असेल का?

उत्तर : भेसळ बाटलीत नसून वाटेत होत असावी. बहुतेक जण स्लाइड काढतात, नळीच्या तोंडाशी बाटली धरतात आणि तेल सोडतात. त्या नळीच्या आतल्या भिंतीला स्लाइडचे घट्ट ग्रीस लागलेले असते. तेल भिंतीवरून ओघळते, ग्रीस सोबत घेते आणि पातळ झालेले ते मिश्रण नेमके रोटरच्या काही शतांशांच्या फटीत नेऊन सोडते. स्लाइड सरकू नये म्हणून वापरलेले ग्रीस असे रोटरवर जाऊन बसते. काळजी घेणाऱ्यांचेच व्हॉल्व्ह अधिक चिकटतात, अशी तक्रार मी जेव्हा जेव्हा ऐकतो तेव्हा पहिला संशय मला या ओघळाचाच येतो.

उपाय सोपा आहे. स्लाइड पूर्ण बाहेर काढा आणि तिची दोन्ही तोंडे वर येतील अशी धरा. प्रत्येक तोंडात तीनचार थेंब सोडा. ते वळणाच्या तळाशी साचतील. आता वाद्य असे धरा की त्या नळ्यांची तोंडे खाली येतील, आणि स्लाइड खालून वर सरकवत आपल्या जागी बसवा. स्लाइड पूर्ण आत गेली की वाद्य उलटे करा. तेल स्लाइडच्या आतूनच वाहत व्हॉल्व्हपर्यंत जाते आणि ग्रीस दोन नळ्यांच्या मधल्या फटीत जिथल्या तिथे राहते. लगेच लिव्हर भराभर चालवा, म्हणजे तेल रोटरभर पसरेल. लांब सुईची बाटली असेल तर तीही चालते, फक्त सुई भिंतीला टेकू देऊ नका.

आणखी एक सवय लावून घ्या : स्लाइड आतबाहेर करताना त्या व्हॉल्व्हची लिव्हर दाबलेली ठेवा. न दाबता स्लाइड आत ढकलली तर कोंडलेली हवा ग्रीसला रोटरकडे रेटते. ग्रीसही बोटाने थापू नका. नळीच्या मध्यापासून तोंडाकडे अगदी पातळ थर पुरतो, आणि स्लाइड बसवल्यावर बाहेर आलेली कड पुसून टाका. आसांना मात्र रोटरचे पातळ तेल पुरत नाही. टोपीखाली आणि स्टॉप आर्मखाली थोडे जाड बेअरिंग तेल आठवड्यातून एकदा द्यावे. पातळ तेल तिथे लवकर उडून जाते आणि आस झिजल्यामुळे येणारी टकटक तेलाने जात नाही.

प्रश्न : या कटकटीपेक्षा पिस्टन व्हॉल्व्हचे वाद्य घ्यावे का?

उत्तर : निव्वळ या कारणासाठी नाही. व्हिएन्नाच्या योसेफ रीडलने 1835 मध्ये रोटरी व्हॉल्व्हचे पेटंट घेतले आणि पॅरिसच्या फ्रांस्वा पेरिनेने 1839 मध्ये आजच्या पिस्टनला, म्हणजे केसिंगमध्ये वरखाली सरकणाऱ्या व्हॉल्व्हला, त्याचे रूप दिले. तेव्हापासून दोन्ही बाजूचे वादक आपापल्या व्हॉल्व्हची तक्रार करत आले आहेत. पिस्टनही रुततो. फरक इतकाच, की तो आटे फिरवून क्षणात बाहेर येतो, म्हणून त्याचा मळ डोळ्यांना दिसतो आणि वेळेवर पुसला जातो. रोटर वर्षभर केसिंगमध्ये दडून राहतो. पाव फेऱ्याची छोटी हालचाल आणि सलग जोडले जाणारे स्वर तुम्हाला हवे असतील तर रोटरी ठेवा आणि वर्षातून एकदा त्याला उघडून स्वच्छ करा.

प्रश्न : रोटरवर पांढरट कवच आणि हिरवे डाग दिसतात, नळीच्या आत काही ठिकाणी गुलाबी ठिपकेही आहेत. व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवले तर सर्व निघेल का?

उत्तर : तुम्ही तीन वेगळ्या गोष्टी एका वाक्यात लिहिल्या आहेत. पांढरे कवच म्हणजे पाण्यातले आणि लाळेतले क्षार, चहाच्या किटलीत आतून धरतो तसाच थर. सौम्य आम्लात तो विरघळतो. पातळ केलेल्या व्हिनेगरमध्ये फडके भिजवून तेवढ्याच जागेवर काही मिनिटे ठेवले, मग भरपूर पाण्याने धुतले, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढले आणि लगेच पुसून कोरडे करून तेल लावले, तर थर निघतो. रोटर रात्रभर बुडवून ठेवणे मात्र धोक्याचे. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त, आणि आम्ल यांतल्या जस्ताला आधी खाते. हिरवे डाग म्हणजे जंगाल. तेही बहुधा याच रीतीने निघते, पण खाली खड्डा पडला असेल तर तो तसाच राहतो.

गुलाबी ठिपके या दोन्हींहून निराळे आहेत. तिथे जस्त आधीच निघून गेले आहे आणि मागे तांब्याची सच्छिद्र जाळी उरली आहे. हा मळ नसून धातूचीच झीज असल्याने कशानेही पुसला जात नाही, आणि आम्लाने उलट पसरतो. ठिपका रोटरवर किंवा केसिंगच्या आत असेल तर तिथे बोटाचे नख फिरवून पाहा : नख अडले नाही तर व्हॉल्व्ह वापरता येतो, पण वाजवून झाल्यावर पाणी काढून टाकून तेल घालण्यात खंड पडू देऊ नका. नख अडले तर दुरुस्तकाराला दाखवा. खड्ड्याच्या कडा त्याला घासून बसवाव्या लागतील, किंवा रोटरवर धातूचा नवा मुलामा चढवून तो केसिंगशी पुन्हा जुळवावा लागेल. ठिपके फक्त नळीत असतील तर बाहेरच्या बाजूने ती जागा पाहत राहा. गुलाबी छटा बाहेर दिसू लागली म्हणजे पत्रा आरपार गेला असे समजावे, आणि त्या जागी ठिगळ लावायचे की नळीच बदलायची, हा निर्णय तेव्हा घ्यावा लागतो.